अकरा टोप्या

माझे कान बघून लोक विचारतात,
कुठल्या तालमीचा गा तू?
तव्यावर मुडपलेल्या भाकरीसारखे कान.
मी सांगतो, तालमीचा नव्हे.
माती नव्हती ती, गवत होतं,
आणि समोरनं एकटा नव्हे, आठजण यायचे.

सुळग्यात हे अजून कुणाला पटलेलं नाही.

भरती झालो तेव्हा एकोणीसचा.
कॅम्पातल्या मैदानावर हवालदारसाहेबांनी
रताळ्यासारखा एक चेंडू हातात दिला.
म्हणाले, पळ.
पळालो.
म्हणाले, आता दे. पुढं नाही रे, मागं!
पुढं पळायचं आणि मागं द्यायचं.
वाटलं, हा खेळ काढणारा आमच्याच घरातला असणार:
थोरल्याचा शर्ट मधल्याला,
मधल्याचा मला,
आणि धावणं कुणाचंच थांबत नाही.

देशासाठी अकरा सामने खेळलो.
नऊ हरलो.
हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं मोकळेपणी बोलता येईल.
ताश्कंदला नाक मोडलं.
तैपेईला रेघेपलीकडे चेंडू टेकवला,
अंगावर पाचजण, तोंडात चिखल,
अख्ख्या कारकिर्दीत तेवढा एकदाच.
दोह्यात राष्ट्रगीत चाललेलं असताना
शेजारी उभ्या बसूचा दंड थरथरत होता,
किंवा माझा. जर्सी एकमेकांना चिकटलेल्या, सांगता येत नाही.

बसू बैलहोंगलचा.
स्क्रमात त्याची बरगडी माझ्या बरगडीला,
त्याच्या पाठीवरचं कापड माझ्या मुठीत.
तो ओरडायचा, नूकु!
मी ओरडायचो, दाब!
पंचाला दोन्ही कळायचं नाही,
समोरच्यांना मात्र बरोबर कळायचं.

दर सामन्याची एक कॅप मिळते, म्हणजे टोपी.
कापडाची एकच दिली, बाकीच्या दहा कागदावर.
आई म्हणाली, अकरा टोप्या?
आणि इतक्या घातल्या कुणी रे तुला?
गल्ली हसली. मी पण हसलो,
नाकातला टाका ओढला जाईपर्यंत.

गुडघा गेला त्या साली कोलंबोहून आलो.
कुठल्या तरी फलकावरून दगड पडलेले,
कोल्हापूरची गाडी कोगनोळीला थांबली,
पुढं जाईना.
रात्रीचे दोन. काखेत कुबड्या, गळ्यात किटबॅग,
बॅगेवर देशाचं नाव.
पोलिसानं बॅटरी मारून ते वाचलं,
म्हणाला, हे ठीक, पण गाव कुठलं?
सांगितलं. त्यानं कठडा थोडा सरकवला.
पलीकडे पाय टेकवला. गुण शून्य.

तिथं बसू उभा होता, बुलेट बंद करून,
कधीपासून कोण जाणे.
म्हणाला, बा ले.
वाटेत दोघंही बोललो नाही.
माझा ताठ पाय बाहेर काढून
पंचाहत्तर किलोमीटर आम्ही तीन माणसांएवढी जागा घेत आलो.

आता उद्यमबागेत फौंड्रीच्या गेटवर आहे.
गाड्यांचे नंबर लिहितो. पाळी सुटली की
भात कापलेल्या रानात पोरं जमतात,
पायाला धसकटं टोचतात म्हणून कुणी पडायला तयार नसतं.
एक कस्तुरी तेवढी पडते.
नाल्याकडच्या घरातली, तेरा वर्षांची,
पडते, उठते, गुडघ्यावर थुंकी लावते.
डाव्या कानानं मला आता कमी ऐकू येतं,
तिनं हाक मारली तरी पोचत नाही.
पण जमिनीतनं पावलं कळतात.
न बघता चेंडू मागं सोडतो.

काल तिच्या हातातनं निसटला,
बांध ओलांडून गेला.
तिकडं आई रताळी काढत बसलेली,
ऊन लागतं म्हणून पदराखाली ती टोपी,
छापलेलं सगळं उडून गेलेली.
तिनं चेंडू उचलला, झटकला,
मातीचा अंदाज घेतला
आणि टाकला ढिगात.